पनादेरियात शाकाहारी माणसाने काय घ्यावे?

प्रश्न : मुलीच्या नोकरीमुळे आम्ही दोघे काही महिन्यांसाठी फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटीत आलो आहोत. गल्लीच्या तोंडाशीच पनादेरिया, म्हणजे इथली बेकरी आहे. वास घरापर्यंत येतो. आम्ही अंडे खातो, मांस नाही. काचेमागचे नेमके काय घ्यावे आणि कसे मागावे?

उत्तर : जाच, आणि पहाटे जा. पांदेसाल, म्हणजे तिथला रोजचा छोटा पाव, तेव्हा भट्टीतून निघतो आणि कामावर जाणारी माणसे खाकी पिशव्या भरून नेतात. वरून पावाचा बारीक चुरा, आत मऊ, किंचित गोड. गार झाला की निम्मी मजा गेली. मग कॉफीत बुडवूनच खावा. दुपारच्या मेरिएंदासाठी, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्यासाठी, पुन्हा ताजा माल निघतो. तीही वेळ चांगली.

तुमची खरी अडचण डुकराची चरबी. जुन्या पद्धतीच्या पाककृतींत ती असतेच. आता बऱ्याच ठिकाणी मार्जरीन किंवा वनस्पती तूप वापरतात, पण सगळीकडे नाही आणि पाहून कळत नाही. तेव्हा विचारायचे. काउंटरशी ‘पाबिली पो’ म्हणा, गिऱ्हाईक तिथे अशीच हाक देते. मग बोट दाखवून ‘मे मांतिका नांग बाबोय पो बा इतो?’, यात डुकराची चरबी आहे का? ‘पो’ गाळू नका, आदर त्यातच आहे. मी तिथे राहत असताना आमच्या काउंटरवरची आते (मोठ्या बहिणीला तिथे असेच म्हणतात) माझ्यासाठी आत जाऊन कारागिराला विचारून यायची, आणि नसेल खात्री तर ‘नका घेऊ’ म्हणायची. त्या माणसांवर माझा अजून जीव आहे. पाकिटावर हलालचा शिक्का असेल तर डुकराच्या चरबीची काळजी नको.

चरबी नाही असे कळले, की आधी मालुंगाय पांदेसाल घ्या. त्यात शेवग्याचा पाला असतो, आणि सोबत केसोंग पुती, म्हशीच्या दुधाचे मऊ पांढरे चीज, मिळाले तर नाश्ता झाला. पान दे कोकोत गोड खोबरे. स्पॅनिश ब्रेडच्या गुंडाळीत लोणी, साखर आणि पावाचा चुरा. लालभडक सारणाचा कालिहिम उरलेल्या पावापासून करतात. मला तो फार आवडतो.

होपिया, म्हणजे सारण भरलेल्या पापुद्र्यांच्या खाऊबद्दल मात्र सावध राहा. ही फुकियानहून आलेल्या चिनी लोकांची देणगी, म्हणून मनिलाच्या बिनोन्दोत, 1594 साली वसलेल्या चायनाटाउनमध्ये, एकदा जरूर जा. मुंगो होपियात मुगाचे गोड सारण असते, थेट पुरणासारखे. उबे होपियात जांभळ्या कंदाचे. दोन्हींच्या पापुद्र्यांत काय घातले आहे, तेवढे विचारा. होपियांग बाबोयच्या सारणात मुरवलेला कोहळा असतो खरा, पण सोबत डुकराची चरबीही, म्हणून तो तुमच्यासाठी नाही.

एन्सायमादा हा अंडी-लोण्याचा गोड पाव, वर साखर आणि किसलेले चीज. चरबीचा प्रश्न इथेही विचारायचाच. रेनेटचे, म्हणजे चीज करताना दूध विरजायला वापरतात त्या वासराच्या जठरातल्या पदार्थाचे, पथ्य पाळत असाल तर चीज टाळा. पथ्य नसेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. नाताळात त्यावर केसो दे बोला, लाल मेणातले एडाम किसतात, आणि त्या खारट-गोडाला तोड नाही.