एकच जेट इंजिन, मग सी हॉकच्या शेपटीत झोताचं तोंड का नाही?

गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक पाहिलंत, जेट असूनही मागे झोत सोडायला तोंडच दिसलं नाही, मग तो निघतो कुठून, असं तुम्ही विचारलंय.

बोगमाळोच्या रस्त्यावरच्या त्या संग्रहालयात मीही पहिल्यांदा याच कोड्यात पडलो होतो. पुन्हा गेलात तर पंख जिथे धडाला जुळतो, तिथे मागच्या कडेला वाकून बघा. दोन्ही बाजूंना एकेक तोंड आहे. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन धडाच्या मध्यावर बसवलंय आणि त्याची मागची नळी दुभंगून डावी-उजवीकडे बाहेर काढलीय.

ही रचना हॉकर कंपनीचे सिडनी कॅम यांच्या हाताखाली झाली. लांब नळीतून झोत नेला की जोर वाया जातो, आणि त्या काळच्या इंजिनांत मुळात जोर बेताचाच. नळी आखूड झाली, शिवाय मागचं धड इंधनासाठी मोकळं झालं. समुद्रावर त्या इंधनाचं मोल फार. परतल्यावर विमानवाहू जहाजाचा डेक मोकळा नसेल, तर वैमानिकाला वर घिरट्या घालत थांबावं लागतं आणि खाली चहूकडे पाणी.

नमुना विमान 2 सप्टेंबर 1947 ला उडालं. ब्रिटिश हवाई दलाने ते घेतलं नाही, नौदलाने घेतलं. पंख सरळ असल्यामुळे मागे झुकलेल्या पंखांच्या मिग-15 पुढे ते वेगात कमीच पडलं असतं (मिगचं इंजिन म्हणजे नीनचीच रशियन नक्कल!). पण डेकवर उतरताना कमी वेगातही वैमानिकाच्या हातात राहणारं विमान लागतं, म्हणून मला सरळ पंखांचा निर्णय योग्यच वाटतो.

आपल्याकडे 1960 मध्ये 300 क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. 1971 मध्ये विक्रांतचा एक बॉयलर निकामी होता, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरी 4 डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. त्या वैमानिकांबद्दल आजही ऊर भरून येतो.

1983 मध्ये त्याची जागा घ्यायला सी हॅरियर आलं. तेही त्याच आवारात उभं आहे. त्याच्या मागच्या दोन तोंडांकडे नीट बघा: तिथेही एकच नळी दुभंगून दोन्ही बाजूंना काढलेली आहे.