आधी ती ‘एफडी’ परत करा, मग बार्बाडोस

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या 54 वर्षांच्या, मिस्टर 58. ते खासगी कंपनीत, दोन वर्षांत निवृत्त होणार, पेन्शन नाही. शाळेपासूनची मैत्रीण वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोसला ब्रिजटाउनजवळ राहते आणि ‘या गं एकदा’ म्हणून कधीची मागे लागली आहे. पुढच्या ऑगस्टात तिकीट स्वस्त दिसतंय, दोघांचा खर्च पाच लाख. प्रश्न असा: ‘तीन आठवड्यांपूर्वी बँकेत 3 लाखांची एफडीसारखी डबल होणारी योजना घेतली. साहेब म्हणाले, वर्षाने त्यातूनच काढा नि फिरून या. ते काढू, की पर्सनल लोन घेऊ?’

(उत्तर ताईंना लगेच मेल केलंय, कारण दिवस थोडे आहेत.)

ताई, सोबत कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. ही एफडी नाही, विम्याची पॉलिसी आहे. फोटो मोठा करून बघा: हप्ता वार्षिक, हप्ते 10 वर्षं, मुदत 20 वर्षं. तीन लाख एकदाच नाही, दहा वेळा भरायचे. एकूण 30 लाख, आणि त्यातले आठ हप्ते पगार थांबल्यावर. कुठून आणणार?

आता ते ‘डबल’. 30 चे 60 लाख मिळणार, पण तुम्ही 74 च्या झाल्यावर. हिशेब केला तर व्याज जेमतेम साडेचार टक्के पडतं. दोघांच्या पीपीएफमध्ये (सरकारी बचत योजना) दरवर्षी दीड-दीड लाख तेवढीच दहा वर्षं भरलेत, तर आजच्या 7.1 टक्क्यांनी त्याच मुदतीत 88 लाखांच्या घरात जातात, तेही करमुक्त. शिवाय तिथे एखाद्या वर्षी पाचशेच रुपये भरले तरी खातं चालू राहतं. आणि ‘वर्षाने काढा’? वर्षाने पॉलिसी मोडलीत तर भरलेले तीन लाखसुद्धा पूर्ण हातात येत नाहीत. साहेबांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. तुमची पॉलिसी ईमेलवर येऊन 21 दिवस झाले, उरले नऊ. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. अर्ज विमा कंपनीकडे करायचा, लेखी. ‘मुदतठेव सांगून विमा विकला’ असं स्पष्ट लिहा, ईमेलही करा आणि शाखेत दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. साहेब चहा मागवतील, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतील. तोवर मुदत संपत आलेली असेल. दाद लागली नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, त्यानंतर विमा लोकपाल.

आता मैत्रीण. पर्सनल लोन अजिबात नको. पाच लाखांवर तीन वर्षांत लाखभर व्याज, आणि हप्ते संपायच्या आत पगार संपणार. त्यापेक्षा परत आलेले तीन लाख साध्या ठेवीत ठेवा, महिना वीस हजार बाजूला टाका. दहा महिन्यांत पाच लाख होतात. निवृत्तीच्या तोंडावर एवढा खर्च करावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही. पण पगार चालू आहे तोवरच जाऊन या, असं मी म्हणेन.

फक्त ऑगस्ट नको. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा हंगाम असतो, तिकीट उगाच स्वस्त नाही. मिस्टरांना जे केन्सिंग्टन ओव्हल मैदान बघायचंय, तिथेच 29 जून 2024 ला आपण विश्वचषक जिंकलो आणि लगेच बेरिल वादळामुळे विमानतळ बंद होऊन आख्खा संघ अडकून पडला. त्यांना आणायला खास विमान गेलं, आपल्याला कोण पाठवणार? मे महिना बघा. बार्बाडोसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण लंडनमार्गे जाणार असाल तर ब्रिटनच्या ट्रान्झिट व्हिसाचा खर्च धरा. राहणं फुकट असलं तरी बेटावर बहुतेक किराणा बाहेरून येतो आणि महाग असतो. तिथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. अमेरिकन डॉलर 90 रुपये धरला तर तिथला एक डॉलर 45 चा. मैत्रिणीच्या घरात निम्मं सामान तुम्ही भरा.

पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा.