पहिली सिंफनी कशी ऐकावी

सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची, अनेक भागांची रचना. सुरुवात संगीतकार बेथोवनच्या पाचव्या सिंफनीने करा (पहिला प्रयोग व्हिएन्ना, १८०८). चार भाग मिळून साधारण ३५ मिनिटं. पहिल्या दिवशी मात्र फक्त पहिला भाग, ७-८ मिनिटांचा, लागोपाठ दोनदा ऐका. तीन आखूड आणि एक लांब, ही सुरुवातीचीच चार सुरांची आकृती कोणकोणती वाद्यं उचलतात ते शोधा. भागाच्या साधारण मध्यानंतर ती सुरुवात पुन्हा आल्यावर थोड्याच वेळात सगळा वाद्यवृंद थबकतो आणि एकटा ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) गातो. ती जागा चुकवूच नका, फार सुंदर आहे.

मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास (सर्वांत खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) हरवतो, हेडफोन हवेतच. आवाज जोरकस जागेवर बेतून लावा. हळू जागेसाठी वाढवलात तर पुढे कानठळ्या बसतील.

शफल (भाग उलटसुलट क्रमाने वाजवणं) बंद ठेवा. तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो: टिंपनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) दबके ठोके, चढत जाणारा आवाज आणि तोवर गप्प असलेले ट्रॉम्बोन (पितळी फुंकवाद्यं).