जर्मनीत नर्स म्हणून यायचंय? मग आराखडा शेवटाकडून आख

“ताई, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, मिरजेत आयसीयूत काम करते, दोन वर्षांत जर्मनीला यायचंय. सुरुवात कुठून करू?” असं तू विचारलंस. सुरुवात ध्येय नीट ठरवण्यापासून कर. ‘जर्मनीला जायचं’ एवढंच मनात धरलंस, तर व्हिसा मिळाला की सगळं झालं असं वाटेल. चांगल्या हुशार मुली इथे येऊन हेल्परच्या पगारावर अडकलेल्या मी पाहते. त्यांची तयारी विमानतळापर्यंतच होती. तुझं ध्येय नर्स म्हणून इथली पूर्ण मान्यता असू दे.

आता तिथून मागे ये. मान्यता प्रत्येक राज्याचं आपापलं कार्यालय देतं. ते तुझा अभ्यासक्रम तासांसकट इथल्या शिक्षणाशी ताडून पाहतं आणि बहुधा ‘डेफिजिटबेशाइड’ धाडतं, म्हणजे काय कमी पडतंय त्याचं पत्र. हा नकार नव्हे, याच पत्रावर पुढचा व्हिसा मिळतो. उरलेली कसर इथे नोकरी करत भरून काढायची: एकतर प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा देऊन, नाहीतर रुग्णालयातलं प्रशिक्षण पूर्ण करून. भाषेवर हात बसला असेल तर परीक्षा दे, लवकर सुटशील.

खरा वेळ खाते ती भाषा. जर्मनच्या बी2 पातळीपर्यंत (बी1 ही तिच्या आधीची पायरी) 45 मिनिटांच्या साधारण 600 ते 800 तासिका लागतात, असं जर्मन शिकवणारं गटे इन्स्टिट्यूट सांगतं. रोज दोन तासिका, एकही खाडा नाही, तरी वर्ष जातं. रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक उघडणंही होत नाही, तेव्हा दीड वर्ष धर. म्हणजे दोन वर्षं ओढाताणीची आहेत, पण अशक्य नाहीत. गटेच्या बी2 परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात 100 पैकी 60 हवेत. एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, त्या फीचे पैसे आधीच बाजूला ठेव.

कागदपत्रं भाषेसोबतच सुरू कर. विषयवार तासांचं पत्र, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले. नाव सगळीकडे सारखं आहे का बघ. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, मार्कशीटवर एक आणि पासपोर्टवर दुसरं, यात महिने जातात. भारतीय कागदांवरचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, कारण भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हाच जर्मनीने हरकत नोंदवली होती. एजंटाने त्याचे पैसे मागितले, तर राज्याच्या कार्यालयाने लेखी काय मागितलंय ते दाखव म्हणावं.

एजंटाच्या करारात ‘इतकी वर्षं नोकरी सोडली तर खर्च परत’ असं कलम असतं, त्यातला आकडा वाचल्याशिवाय सही करू नकोस. भरतीचा खर्च रुग्णालयाने उचलायचा, हा ‘फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’ या सरकारी शिक्क्याचा नियम आहे. तो असलेल्या संस्था आधी बघ.

आणखी एक, घरी मोकळेपणाने बोलून घे. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं बरंचसं नातेवाईक करतात. इथे ते नर्सचं रोजचं काम आहे, आयसीयूतल्या नर्सचंसुद्धा. ते मनापासून करायची तयारी हवी.

बी1 होईपर्यंत कुठेही सही करायची नाही आणि व्हिसा हातात येईपर्यंत मिरजेची नोकरी सोडायची नाही. बी1 लांबलं तर तारीख पुढे ढकल, बेत मोडू नकोस. या आठवड्यात कॉलेजात तासांच्या पत्राचा अर्ज टाक. राज्य कोणतं निवडायचं ते बी1 झाल्यावर बोलू.