आजीच्या हातचं जर्मन जेवण: सुरुवात कुठून करावी

आजी नेमकी कुठल्या भागातली, हे आधी घरात विचारून घ्या. बाकी सगळं त्यावर ठरतं. बटाट्याचं सॅलडच बघा: दक्षिणेत श्टुटगार्टच्या बाजूला त्यात गरम स्टॉक आणि व्हिनेगर घालतात, उत्तरेत बहुधा मेयोनीज. ऱ्हाइन नदीकाठच्या सावरब्राटनमध्ये (व्हिनेगरमध्ये मुरवून शिजवलेलं मांस) मनुका असतात. केपर (खारवलेल्या आंबट कळ्या) घातलेल्या पांढऱ्या सॉसमधले खिम्याचे गोळे आठवत असतील, तर ते क्योनिग्सबेर्गर क्लोप्से. (नाव पूर्व प्रशियातल्या, म्हणजे जर्मनीच्या जुन्या पूर्वेकडच्या प्रांतातल्या, क्योनिग्सबेर्ग शहरावरून आलंय; पण तेवढ्यावरून घराणं तिकडचं ठरवू नका, ते जर्मनीभर होतात.)

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- जुन्या वहीत 'बेकिंग पावडर, १ पाकीट' असेल, तर ते साधारण ५०० ग्रॅम मैद्याला पुरणारं जर्मन पाकीट. आपला अख्खा डबा रिकामा करू नका! व्हॅनिला साखरेचं पाकीट ८ ग्रॅमचं.
- क्वार्कऐवजी (जर्मन ताजं, मऊ चीज) चक्का चालतो, पण ताजा, आंबट न झालेला.
- क्न्योडेल (बटाट्याचे किंवा पावाचे उकडलेले गोळे) खळखळत्या पाण्यात सोडले की फुटतात. पाणी जेमतेम हलतं ठेवा.
- चव जुळली नाही की सगळंच बदलतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

वहीतलं अक्षर अजिबात लागत नसेल, तर ती कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, असू शकते. १९४१ नंतर ती शाळांतून गेली, त्यामुळे तिकडच्या एखाद्या वयस्कर नातेवाइकाला फोटो पाठवा.

पहिला पदार्थ श्पेट्झले (अंड्याच्या पिठाचे छोटे मऊ नूडल्स) घ्या: मैदा, अंडी, मीठ, थोडं पाणी. कोबी आंबवणं वगैरे सध्या राहू द्या.