करार झाला की दूध बाहेरनं येणार का?

प्रश्न: आमच्या घरी चार म्हशी, दूध डेअरीला जातं. थोरला भाऊ म्हणतो मुक्त व्यापार करार म्हणजे गोठा बंद, मेव्हण्याचं चपलांचं दुकान, तो म्हणतो लै भारी झालं. खरं कोणाचं ओ?
– एक वाचक, करवीर

उत्तर: दादा, दोघांचंही थोडं थोडं. भावाची भीती उगाच नाही, २०१९ मध्ये आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराच्या बोलणीतनं भारत बाहेर पडला तेव्हा न्यूझीलंडच्या दूध पावडरीचीच धास्ती होती, देशभरातल्या दूधवाल्यांनी विरोध केला होता. पण २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी जो करार झाला त्यात आपण दूध-दुभतं बाजूलाच ठेवलंय, त्यामुळं त्या करारानं तरी म्हशींना धोका नाही. आणि ब्रिटननं आपल्या चपला-बुटांवरची १६ टक्क्यांपर्यंतची ड्युटी (आयात कर) शून्य करायचं कबूल केलंय, मेव्हणे खूश त्यामुळंच. फक्त माल भारतात बनलाय हे कागदावर दाखवावं लागतं, आणि एक्स्पोर्टची ती कटकट छोटा दुकानदार एकटा कशी करणार हे कोण सांगत नाही. पुढच्या करारात दुधाचं काय, ते मात्र भावानं बघत राहावं.