स्विमसूटचा पॅटर्न माझ्या अंगापेक्षा लहान भरतोय, वाढवून कापू का? आणि ओव्हरलॉक (कापडाच्या कडा गुंफणारं मशीन) नसताना साध्या मशीनवर शिवता येईल का?

आडव्या मापात अजिबात वाढवू नका. तुम्ही लिहिलंय की पॅटर्नचे कागद जोडून मोजल्यावर सीटचा घेर तुमच्या मापापेक्षा नऊ-दहा सेंटीमीटरनं कमी आला. तो तसाच यायला हवा. मशीनचीही चिंता नको, झिगझॅग टाका पडत असेल तर पुरे. घोळ बहुतेक वेळा तिसऱ्याच ठिकाणी होतो, उभ्या मापात, आणि नेमकं तेच तुम्ही विचारलेलं नाही.

सुती कापड शिवणाऱ्या हाताला अंगाच्या मापात लूजिंग, म्हणजे सैलपणासाठीचं जादा माप, मिळवायची सवय असते. इथे हिशेब उलटा, लूजिंग उणे धरायचं. कापड ताणलेलंच अंगावर बसायला हवं, नाहीतर पाण्यात त्याची पिशवी होते. मी पहिला स्विमसूट शिवला तेव्हा तुमच्यासारखीच शंका आली होती आणि मी शहाणपणा करून दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा सेंटीमीटर वाढवला. आरशासमोर उत्तम दिसला. पाण्यात उतरले, दोनदा हात मारले, आणि मागे पाण्याचा फुगा घेऊन काठावर आले. पूर्वीच्या विणलेल्या लोकरीच्या स्विमसूटचं हेच दुखणं होतं, भिजले की जड होऊन लोंबायचे. १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला आणि ताणून पुन्हा जागेवर येणारं कापड मिळालं. आजचे पॅटर्न त्या परत येण्याच्या भरवशावरच लहान काढलेले असतात.

म्हणून आधी कापड तपासा. नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचं, साधारण ८०-२० प्रमाणाचं, आडवं-उभं दोन्हीकडे ताणलं जाणारं हवं. क्लोरीनच्या पाण्यात रोज पोहणार असाल तर नायलॉनऐवजी पॉलिएस्टर आणि पीबीटीचं (पॉलिएस्टरचाच एक ताणला जाणारा प्रकार) मिश्रण जास्त टिकतं. कापडाची एक घडी घाला, किनारीपासून लांब १० सेंटीमीटरवर दोन खुणा करा आणि ताणा. १५ पर्यंत सहज गेलं तर ताण ५० टक्के. पॅटर्नवर किती ताण हवा ते लिहिलेलं असतं, त्यापेक्षा कमी असेल तर ते कापड बाजूला ठेवा. सोडल्यावर ते १० वर परत येतं का तेही बघा. साडेदहावर रेंगाळणारं कापड नवीन असतानाच थकलेलं आहे. फिक्या रंगाचा तुकडा ओला करून तळहातावर ठेवून पाहा, रेषा दिसल्या तर पुढच्या भागाला पूर्ण अस्तर लागणार.

आता ते उभं माप. एका खांद्याच्या मध्यावर टेप धरा, पुढून छातीवरून खाली, दोन पायांमधून घेऊन पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. टेप ओढू नका आणि लोंबूही देऊ नका. मदतीला कोणी असेल तर बरं, एकटीला हे माप नीट घेता येत नाही. पॅटर्नच्या तक्त्यात तुमच्या साइजसमोर हे माप दिलेलं असेल, त्याच्याशी ताडून पाहा. एकाच छाती-सीटच्या दोन बायकांमध्ये इथे दहा सेंटीमीटरचा फरक सहज निघतो. पट्टे खांद्यात रुततात, खालची कड काचते आणि आपण म्हणतो 'साइज लहान झाली', मग रुंदी वाढवतो. रुंदीचा काही दोष नसतो.

समजा तुमचं माप तक्त्यापेक्षा सहा सेंटीमीटर जास्त आलं. मग पुढचा आणि मागचा, दोन्ही भाग कंबरेच्या रेषेवर आडवे कापा, प्रत्येकी तीन सेंटीमीटर फाकवा, खाली कागद चिकटवा आणि बाजूची रेघ गोलाईत जुळवून घ्या. दोन्हीकडे सारखंच वाढल्यामुळे बाजूच्या शिवणी आपोआप जुळतात. पॅटर्नच्या तुकड्यांशी नाही, तक्त्यातल्या अंगाच्या मापाशी तुलना करायची हे विसरू नका, नाहीतर उणे लूजिंग दोनदा मोजलं जाईल. टू-पीस शिवत असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

कापताना, कापड ज्या दिशेला जास्त ताणलं जातं ती दिशा अंगाभोवती आडवी येऊ द्या. टाचण्यांनी बारीक भोकं पडतात, त्यापेक्षा पॅटर्नवर वजनं ठेवून फिरत्या पात्याच्या कटरनं कापा.

मशीनला ७५ नंबरची 'स्ट्रेच' लिहिलेली सुई लावा. साध्या सुईनं टाके चुकतात आणि माणूस मशीनला शिव्या देत बसतो. नुसती बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुईही कधीकधी पुरत नाही. दोरा पॉलिएस्टरचाच, सुती दोरा ताणात तुटतो. झिगझॅगची रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच. ही झाली मुख्य शिवण. तिच्या बाजूला मार्जिनवर दुसरी, रुंद झिगझॅग मारा आणि उरलेलं छाटा. हे कापड उसवत नाही, म्हणून ओव्हरलॉक नसल्यानं काही अडत नाही. कापड दाबून धरणाऱ्या फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा. सुरुवातीलाच मशीन कापड खाली ओढत असेल तर खाली पातळ कागद ठेवून शिवा, नंतर तो फाडून काढता येतो. आधी चिंधीवर शिवून ती पूर्ण ताणा. 'टक' असा आवाज आला तर बहुतेक बॉबिनचा दोरा तुटलेला असतो. दोऱ्याचा ताण सैल करा, पुन्हा बघा. कंटाळवाणं आहे, पण अंगात घालताना तो आवाज ऐकण्यापेक्षा बरं.

बाजूच्या आणि खांद्याच्या शिवणी झाल्या की इलॅस्टिक लावायच्या आधी एकदा घालून बघा. बसा, वाका, हात वर करा. यापुढे सुधारायला फारसं काही उरत नाही.

इलॅस्टिक स्विमवेअरचंच घ्या, रबराची पट्टी किंवा क्लोरीन सोसणारं, आठ ते दहा मिलिमीटर रुंद. पायजम्यातलं नेहमीचं इलॅस्टिक क्लोरीनमध्ये लवकर ढिलं पडतं. गळ्याला जवळजवळ कापडाइतकंच लावा, फार ओढलंत तर गळा चुरगळून आत वळतो. पायाच्या कडेला मात्र हातचलाखी आहे. तिथे इलॅस्टिक घेरापेक्षा थोडं कमी घ्यायचं आणि पुढच्या अर्ध्यात न ताणता, सपाट लावायचं. सगळी ओढ मागच्या अर्ध्यात घालायची, म्हणजे कड सीटच्या खालून कवेत घेते आणि पोहताना वर सरकत नाही. सगळीकडे सारखं ताणलं तर पुढे जांघेत काचतं आणि मागे तरीही निसटतं. आधी उलट्या बाजूनं, कडेला कड लावून झिगझॅग, मग आत दुमडून वरून पुन्हा झिगझॅग. वरची टीप जरा रुंद घ्या, कापड ताणल्यावर ती सरळ होऊन दिसते.

कप हवे असतील तर बाजूच्या शिवणी घालण्याआधी ते अस्तराला जोडा. आणि तयार झाल्यावर त्यावर इस्त्री फिरवू नका, सवयीनं हात जातोच.